एकेरीतला यानिक

जून १९८३ म्हटले की आपल्याकडे एकच चित्र डोळ्यांसमोर येते. लॉर्ड्सची गॅलरी आणि कपिलच्या हातातला विश्वचषक. ती तारीख २५ जून. त्याच्या बरोबर वीस दिवस आधी, ५ जूनच्या रविवारी, पॅरिसमधल्या रोलाँ गारोसच्या लाल मातीवर यानिक नोआ या तेवीस वर्षांच्या तरुणाने फ्रेंच अजिंक्यपद जिंकले होते. मी तेव्हा शाळेत होतो आणि वर्तमानपत्राच्या क्रीडा पानांवरची कात्रणे एका जाड वहीत चिकटवत असे. कपिलच्या आधीच्या पानावर नोआ आहे. खाली माझ्या अक्षरात 'नोह' असे चुकीचे नाव आहे. ती वही अजून माझ्याकडे आहे.

पुढे कात्रणांच्या वहीतून तक्त्यांकडे वळलो. खेळाचा इतिहास मला कुणी शिकवला नाही. रद्दीतून मिळालेली जुनी वार्षिके, ग्रंथालयातली पुस्तके आणि उतारवयाकडे झुकताना शब्दकोश हाताशी धरून शिकलेले जुजबी फ्रेंच, एवढ्यावर माझे काम चालते. दहा-बारा वर्षांपूर्वी एका लहानशा दिवाळी अंकात मी ग्रँड स्लॅम विजेत्यांवर एक लेख लिहिला होता. त्यात नोआला दीड ओळ दिली होती आणि 'एका रविवारचा विजेता' असे म्हणून पुढे गेलो होतो. अंक निघाल्यावर एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आले. त्यांनी लिहिले होते, "आपली बेरीज बरोबर आहे. पण फ्रान्समधले लोक अजून याच माणसावर एवढा जीव का टाकतात, हे आपल्या तक्त्यात कुठे दिसते?"

मला उत्तर देता आले नव्हते. हा लेख म्हणजे त्या पत्राला उशिरा दिलेले उत्तर आहे.

आधी बेरीजच पाहू, कारण ती टाळून पुढे जाणे बरोबर नाही. नोआच्या नावावर एकेरीची २३ विजेतेपदे आहेत. त्यांतले अगदी सुरुवातीचे एक आपल्या देशातले, १९७८ च्या अखेरीस कलकत्त्यात मिळवलेले. दुहेरीत १६ विजेतेपदे आहेत आणि त्यांत आँरी लकोंतबरोबर १९८४ साली जिंकलेली फ्रेंच दुहेरी स्पर्धा येते. १९८६ साली तो एकेरीच्या जागतिक क्रमवारीत तिसरा होता आणि त्याच वर्षी दुहेरीत पहिला. पण ग्रँड स्लॅम एकेरीत विजेतेपद एकच. विम्बल्डनला तो तिसऱ्या फेरीपुढे कधी गेला नाही. अमेरिकन स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरी आणि ऑस्ट्रेलियात १९९० साली उपांत्य फेरी, एवढीच त्याची मजल. त्याच काळातल्या माट्स विलँडरची एकेरीची ग्रँड स्लॅम विजेतेपदे सात आहेत आणि इव्हान लेंडलची आठ. नुसत्या आकड्यांनी पाहिले तर नोआ दुसऱ्या रांगेतला खेळाडू ठरतो. माझे दीड ओळीचे मत खोटे नव्हते. ते अपुरे होते.

नोआचा जन्म १८ मे १९६० चा, ईशान्य फ्रान्समधल्या सेदाँ गावचा. वडील झकारी नोआ कॅमेरूनचे. ते व्यावसायिक फुटबॉलपटू होते आणि सेदाँच्या ज्या संघाने १९६१ साली फ्रेंच चषक जिंकला, त्यात ते खेळले होते. आई मारी-क्लेअर फ्रेंच, पेशाने शिक्षिका. वडिलांच्या दुखापतीनंतर कुटुंब कॅमेरूनची राजधानी याउंदे येथे गेले. यानिक तेव्हा तीन वर्षांचा होता. त्याचे बालपण तिथेच गेले आणि टेनिसही तो तिथेच शिकला.

१९७१ साली आर्थर अ‍ॅश आफ्रिकेच्या दौऱ्यावर असताना याउंदेला आला. तिथल्या कोर्टवर त्याने या अकरा वर्षांच्या मुलाचा खेळ पाहिला, त्याला आपली रॅकेट दिली आणि फ्रेंच टेनिसमधल्या फिलीप शात्रिए यांच्या कानावर त्याचे नाव घातले. त्यामुळे मुलाची रवानगी नीसमधल्या टेनिस प्रशिक्षण केंद्रात झाली. घर, आईवडील, गाव सगळे मागे राहिले. चार वर्षांनी अ‍ॅशने विम्बल्डन जिंकले आणि बारा वर्षांनी नोआने पॅरिस. टेनिसच्या आजवरच्या इतिहासात पुरुष एकेरीची ग्रँड स्लॅम स्पर्धा जिंकणारे कृष्णवर्णीय खेळाडू हे दोघेच. त्यांतल्या एकाने दुसऱ्याला शोधले, तेही केवळ योगायोगाने.

त्या रविवारी मैदानावर काय घडले हे नीट समजून घ्यायला हवे. लाल मातीवर चेंडू पडला की त्याचा वेग मंदावतो आणि तो उंच उसळतो. सर्व्हिस करून नेटकडे धावणाऱ्या खेळाडूच्या बाजूने चेंडू काढायला प्रतिस्पर्ध्याला पुरेसा वेळ मिळतो. म्हणून पॅरिसमध्ये बेसलाइनवर पाय रोवून, न चुकता चेंडू परत करत राहणाऱ्यांचे राज्य असे. ब्योर्न बोर्गने याच पद्धतीने तिथे सहा वेळा विजय मिळवला होता आणि विलँडर त्याच वळणाचा होता. आदल्या वर्षी सतराव्या वर्षी त्याने ही स्पर्धा जिंकली होती. नोआने त्याच्याशी त्याच्या पद्धतीने खेळायचे नाकारले. स्वतःच्या सर्व्हिसवर तो पुढे जाई आणि संधी मिळताच विलँडरच्या सर्व्हिसवरही चेंडू कापून नेट गाठी. या मातीवर असा खेळ म्हणजे प्रत्येक गुणाला अंगावर घेतलेली जोखीम. ६-२, ७-५, ७-६ असा सामना संपला तेव्हा नोआच्या हातात लाकडी रॅकेट होती. लाकडी रॅकेटने जिंकलेले पुरुषांचे ते शेवटचे ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपद मानले जाते.

समीक्षकाने इथे नशिबाचाही हिशेब मांडायला हवा. नोआच्या वाटेत जिमी कॉनर्स येऊ शकला असता, पण क्रिस्तोफ रोजे-व्हासलँ या फारशा नाव नसलेल्या फ्रेंच खेळाडूने त्याला आधीच हरवले होते. उपांत्य सामन्यात रोजे-व्हासलँने नोआकडून केवळ तीन गेम घेतले. पण उपांत्यपूर्व फेरीत लेंडल होता आणि त्याला नोआने शेवटच्या सेटमध्ये एकही गेम दिला नाही. साऱ्या स्पर्धेत नोआने एकच सेट गमावला, तो लेंडललाच. विजय नशिबाने हातात पडलेला नव्हता.

त्या विजयामागे सदतीस वर्षांची वाट पाहणे होते. १९४६ साली मार्सेल बर्नार जिंकला, त्यानंतर आपल्याच अंगणात फ्रेंच पुरुष जिंकला नव्हता. ज्या देशाच्या लाकोस्त, कोशे, बोरोत्रा आणि ब्रुन्यों या चौघांनी १९२७ ते १९३२ अशी सलग सहा वर्षे डेव्हिस करंडक राखला, ज्या देशाने त्याच करंडकाच्या लढतींसाठी १९२८ मध्ये रोलाँ गारोस बांधले, त्या देशाची ही स्थिती होती. १९८२ मध्ये ग्रनोब्लला नोआच्या संघाने डेव्हिस करंडकाच्या अंतिम लढतीपर्यंत मजल मारली. पहिल्याच सामन्यात नोआ जॉन मॅकेन्रोशी पाच सेट लढला आणि हरला. लोकांनी त्याला आधी हरताना पाहिले होते, हे लक्षात ठेवले पाहिजे.

पण फ्रान्सच्या स्मरणात जे घर करून राहिले ते शेवटच्या गुणानंतरचे दृश्य. झकारी नोआ प्रेक्षकांतून थेट मैदानात उतरले आणि मुलाने त्यांना मिठी मारली. मी ते चित्रण अनेकदा पाहिले आहे. कॅमेरूनहून आलेला, एकेकाळी फ्रेंच चषक जिंकलेला बाप आणि देशाची सदतीस वर्षांची आस पुरी करणारा मुलगा, दोघे रडताहेत आणि सारे स्टेडियम उभे आहे. नोआवर लिहिणारे बहुतेक जण इथे थांबतात आणि त्याला 'मिश्र फ्रान्सचे प्रतीक' म्हणतात. पंधरा वर्षांनी, १९९८ च्या फुटबॉल विश्वचषकानंतर झिदानच्या संघाबद्दलही हेच म्हटले गेले.

मला हे वाचन पटत नाही. माणसाला प्रतीक केले की त्याने पुढे काय केले हे पाहायची गरज उरत नाही. शिवाय ते ओझे उचलणाऱ्याची कुणी चौकशी करत नाही. त्या विजयानंतर आपल्याला ग्रासलेल्या नैराश्याबद्दल नोआ पुढे स्वतःच उघडपणे बोलला आहे. ज्या शहराने डोक्यावर घेतले ते पॅरिस सोडून तो न्यूयॉर्कला राहायला गेला. कपिलच्या संघाच्या वाट्याला आलेले कौतुक अकरा-बारा जणांत वाटले गेले. एकेरीत ते वाटून घ्यायला कुणी नसते.

लोकप्रियतेचे खरे बीज मला त्याच्या नंतरच्या कामात दिसते. त्यासाठी आँरी लकोंतची कथा सांगावी लागेल. लकोंतचा डावखुरा खेळ नोआपेक्षाही नेत्रसुखद होता. १९८८ साली तो पॅरिसच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि त्याच विलँडरकडून तीन सेटमध्ये हरला. बक्षीस समारंभात त्याने आपल्या खेळाचे समर्थन करणारे काही शब्द काढले आणि ज्या प्रेक्षकांनी नोआला उचलून धरले होते त्यांनीच आपल्या माणसाची हुर्यो उडवली. नोआला मिळालेले प्रेम जिंकणाऱ्याचे होते आणि हरणाऱ्याला तिथे दया नव्हती, हे त्या दिवशी उघड झाले.

१९९१ साली नोआ डेव्हिस करंडक संघाचा कर्णधार झाला. टेनिसमधला हा कर्णधार स्वतः खेळत नाही. तो संघ निवडतो आणि कोर्टच्या कडेला खुर्चीत बसून खेळाडूला धीर देतो. लिआँच्या अंतिम लढतीत समोर अमेरिका होती, आगासी आणि सॅम्प्रससह. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर लकोंत क्रमवारीत शंभराच्याही खाली घसरला होता. नोआने त्यालाच एकेरीत उतरवले. पहिला सामना गी फोर्जे आगासीकडून हरला आणि नंतर लकोंतने सॅम्प्रसला सरळ तीन सेटमध्ये हरवले. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून दुहेरी जिंकली. तिसऱ्या दिवशी फोर्जेने सॅम्प्रसला हरवून करंडक घेतला. एकोणसाठ वर्षांनी तो फ्रान्सकडे आला. मग सगळा संघ कर्णधाराच्या 'सागा आफ्रिका' या गाण्यावर मैदानात नाचला. तीन वर्षांपूर्वी ज्याची हुर्यो झाली त्या माणसाला नोआने देशाचा लाडका करून दिले. माझ्या तक्त्यात यासाठी रकाना नव्हता.

हे एकदाच घडले असते तर योगायोग म्हणता आला असता. १९९६ साली स्वीडनमध्ये माल्मो येथे निर्णायक सामन्यात आर्नो बोएचने पाचव्या सेटमध्ये तीन मॅच पॉइंट वाचवले आणि तो सेट १०-८ असा जिंकला. खुर्चीत नोआ होता. १९९७ मध्ये फ्रेंच महिलांनी पहिल्यांदा फेड करंडक जिंकला, तेव्हाही कर्णधार तोच. २०१७ साली, वयाच्या सत्तावनाव्या वर्षी, त्याने लीलला बेल्जियमविरुद्ध तिसरा डेव्हिस करंडक मिळवून दिला. त्या वेळी निकोला माहूला अंतिम संघातून वगळल्याने त्याच्यावर टीकाही झाली. सगळे काही गोडीगुलाबीचे नव्हते. पण एकदा स्वतः जिंकलेल्या माणसाने चार वेळा इतरांच्या विजयात कर्णधाराच्या खुर्चीत बसावे, असे उदाहरण टेनिसमध्ये विरळा.

मग गाणी. १९९१ पासून त्याचे गाण्यांचे संच येत राहिले आणि २००० नंतर तर तो मुख्यतः गायक म्हणूनच ओळखला जाऊ लागला. गायक म्हणून त्याचा आवाज मोठ्या पल्ल्याचा नाही. रेगे आणि आफ्रिकी ठेक्यावरची, सहज गुणगुणता येणारी गाणी ही त्याची मर्यादा आणि त्याचे बळही. २००६ च्या 'शारांगो' संचातल्या त्याच्या गाजलेल्या गाण्याच्या नावात फ्रेंच राष्ट्रगीतातल्या शस्त्रांच्या हाकेच्या जागी झाडांची हाक आहे. राष्ट्रगीताशी अशी सलगी करणे आणि लोकांनी ती हसून स्वीकारणे यातून त्याचे स्थान कळते. सप्टेंबर २०१० मध्ये त्याने पॅरिसच्या स्ताद द फ्रान्स या राष्ट्रीय स्टेडियममध्ये मैफल केली. 'जूर्नाल द्यु दिमांश' हे रविवारचे वृत्तपत्र १९८८ पासून फ्रेंचांच्या आवडत्या व्यक्तींची यादी जनमत चाचणीवरून छापते. २००७ ते २०१२ या काळात नोआ तिच्यात वारंवार पहिल्या क्रमांकावर होता. त्या ऐन तिशीतल्या कितीतरी चाहत्यांना १९८३ चा सामना आठवणेही शक्य नव्हते.

इथे भाषेचा एक मुद्दा मांडतो. आपण 'लोकप्रिय' आणि 'लोकमान्य' असे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत आणि ते वेगळे असणे योग्य आहे. प्रिय माणसाला आपण एकेरीत हाक मारतो. कपिल, सचिन, तसाच फ्रेंचांचा यानिक. या एकेरी हाकेत माया असते, पण आणखी एक गोष्ट असते. घरच्या लाडक्या मुलाचे गाणे सगळे ऐकतात. तो गंभीर काही बोलू लागला की 'त्याचे आपले काहीतरीच' म्हणून विषय बदलला जातो.

नोआ गंभीर बोलला आहे. २००७ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्याने सेगोलेन रोयाल यांच्या बाजूने जाहीरपणे गाणे म्हटले. २०१४ मध्ये उजव्या टोकाच्या फ्राँ नास्योनाल पक्षावर रोख धरून संतापाचे गाणे केले. नोव्हेंबर २०११ मध्ये 'ल मोंद' या दैनिकात लेख लिहून स्पॅनिश खेळाडूंच्या यशामागे उत्तेजक द्रव्ये असावीत असे सुचवले. राफाएल नादालसह स्पेनमधून त्याला कडक उत्तर मिळाले. या शेवटच्या प्रकरणात माझे मत नोआच्या विरुद्ध आहे. नाव आणि पुरावा न देता एका देशाच्या साऱ्या खेळाडूंवर शिंतोडे उडवणे हे त्याच्यासारख्याला शोभले नाही. ज्याने स्वतः आयुष्यभर रंगावरून आणि मुळावरून होणारी सरसकट पारख सोसली, त्याने तरी ती दुसऱ्यांची करायला नको होती. त्याचा फ्रेंच करखात्याशी प्रदीर्घ वादही झाला.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्या लेखानंतरही यादीतले त्याचे स्थान ढासळले नाही. हे प्रेम आंधळे होते असे म्हणता येईल. मला वेगळे वाटते. लोकांनी त्याला क्षमा केली, कारण त्याचे बोलणे त्यांनी फारसे मनावर घेतले नव्हते. त्याच्या चुकीच्या बोलण्याची झळ त्याला लागली नाही आणि त्याच्या बरोबर बोलण्याचे वजनही पडले नाही. लोकप्रियतेची ही किंमत आहे, आणि तिचा उल्लेख नोआवरच्या कौतुकलेखांत मला सापडला नाही.

म्हणून त्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या एका शांत कामाकडे मी जास्त आदराने पाहतो. १९८८ साली त्याने आईबरोबर संकटातल्या मुलांसाठी 'लेझाँफाँ द ला तेर' ही संस्था काढली. १९९६ साली 'फेत ल म्यूर' सुरू केली. शहरांच्या गरीब वस्त्यांमधल्या मुलांना टेनिस शिकवणे हे तिचे काम. अ‍ॅशला याउंदेचा मुलगा सापडला तो नशिबाने. त्या दिवशी दौऱ्याचा मार्ग वेगळा असता तर नोआ आपल्याला माहीत झाला नसता. ते नशिबावर सोडू नये, वस्तीतल्या मुलापर्यंत कोर्ट न्यावे, असा हा विचार आहे. आपल्याला झालेला उपकार व्यवस्थेत बदलणे, याला मी लोकमान्यतेकडे जाणारी वाट म्हणतो. या कामाला टाळ्या कमी पडतात.

शेवटी पुन्हा त्या रविवारकडे. नोआनंतर मेरी पिअर्स, अमेली मोरेस्मो आणि मारिआँ बार्तोली या फ्रेंच महिलांनी ग्रँड स्लॅम एकेरी जिंकली. पुरुषांत लकोंत, पिओलीन, क्लेमाँ आणि त्सोंगा अंतिम सामन्यांपर्यंत जाऊन हरले. २०२५ ची स्पर्धा संपली तेव्हा नोआनंतरच्या प्रतीक्षेला बेचाळीस वर्षे झाली होती. बर्नारनंतरच्या सदतीस वर्षांपेक्षा ती मोठी आहे. आपल्याकडे १९८३ चा विजय २०११ मध्ये पुन्हा एकदा जगून झाला. कपिलच्या शेजारी धोनी आला आणि कपिलची आठवण जरा हलकी झाली. नोआच्या शेजारी अजून कुणी आलेले नाही. दर मे महिन्यात रोलाँ गारोसचे दरवाजे उघडले की त्याचेच चित्रण पुन्हा दाखवले जाते. त्याच्या लोकप्रियतेत त्याच्या स्वतःच्या कमाईइतकाच इतरांच्या पराभवांचा वाटा आहे. ही गोष्ट त्याला नक्कीच आवडत नसेल, कारण त्याने आयुष्याचा मोठा भाग इतरांना जिंकवण्यात घालवला.

त्या निवृत्त शिक्षकांना मी आता एवढे लिहीन. एकेरीत त्याने एकदा जिंकले, हे माझे वाक्य तसेच राहू द्या. त्याच्यापुढे लकोंतचे नाव आणि 'फेत ल म्यूर'मधल्या मुलांसाठी एक रकाना वाढवा. कात्रणांच्या वहीत मी 'नोह' खोडून 'नोआ' लिहिले आहे. शाळकरी अक्षर मात्र तसेच ठेवले आहे.